पाकटाला काटा आहे का?

पाकट जाळ्यात आला की खलाशी आधी त्याची शेपटी पाहतो. शेपटीवरचा दातेरी, विषारी काटा मोडायचा आणि मग मासा टोपलीत टाकायचा. कोकणात हे कुणाला शिकवावे लागत नाही. अमेरिकेच्या नौदलाने विमानवाहू जहाजांवर कायमचे ठेवायच्या आपल्या ड्रोनला २०१६ साली याच माशाचे नाव दिले, स्टिंगरे. पूर्ण नाव एमक्यू-२५ए स्टिंगरे. या ड्रोनचे काम काय? तर इतर विमानांना हवेतल्या हवेत इंधन पाजणे. जहाजापासून ५०० सागरी मैल लांब जायचे, सुमारे १५,००० पौंड म्हणजे जवळपास सात टन इंधन द्यायचे आणि परत येऊन डेकवर उतरायचे. थोडक्यात, उडता टँकर. टँकरला काट्याच्या माशाचे नाव का दिले असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे. त्याहून जास्त छळते ते त्या नावाच्या आधी बसलेले ‘एम’ हे अक्षर.

नावावरून एवढा काथ्याकूट कशाला, असे कुणी म्हणेल. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे काय आपण कधी पाहिले नाही? पण लष्करी विमानाचे अधिकृत नाव सोनुबाईइतके निरुपद्रवी नसते. त्या नावाने पैसा मंजूर होतो, त्या नावावरून आंतरराष्ट्रीय कराराचे कलम लागू करायचे की नाही याचा वाद होतो, आणि ते यंत्र कोणत्या तुकडीकडे जाणार हेही पुष्कळदा त्यावरच ठरते. आत माणूस बसलेला असला तर विमान कशासाठी आहे हे निदान त्या माणसाच्या प्रशिक्षणावरून कळते. ड्रोनच्या बाबतीत तीही खूण नाही. त्यामुळे त्याच्या नावातले कामाचे अक्षर ही सरकारने जनतेला दिलेली लेखी कबुली ठरते: हे यंत्र आम्ही अमुक कामासाठी बनवले. माझा आक्षेप असा की ‘बहुउद्देशीय’ हे अक्षर वापरून ही कबुली टाळली जाते. आणि आपल्या विमानवाहू जहाजांवर ड्रोन यायच्या आत आपण ही पळवाट बंद करायला हवी.

अमेरिकेत लष्करी विमानाला दोन नावे असतात, एक जन्मदाखल्यावरचे आणि एक हाकेचे. ‘स्टिंगरे’ हे हाकेचे. ‘एमक्यू-२५ए’ हे दाखल्यावरचे, आणि ते उजवीकडून वाचायला घेतले तर चटकन उलगडते. ‘ए’ म्हणजे पहिली आवृत्ती, २५ हा मालिकेतला क्रमांक, ‘क्यू’ म्हणजे आत वैमानिक नाही, आणि सगळ्यात डावीकडे काम. ‘एफ’ लढाऊ, ‘ए’ हल्ला, ‘आर’ टेहळणी, ‘पी’ गस्त, ‘के’ इंधनवाहू. ‘एम’ म्हणजे बहुउद्देशीय.

यात एक मजा आहे. बाळ नौदलाचे असले तरी त्याचे बारसे नौदलाला एकट्याने करता येत नाही. तिन्ही दलांच्या विमानांची नोंदवही संरक्षण खात्याच्या वतीने हवाई दल सांभाळते. नौदलाने अर्ज करायचा, हवे ते अक्षर सुचवायचे, आणि मंजुरी हवाई दलाच्या कचेरीतून यायची. आपल्याकडे बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, तसेच हे. या आत्याला हा मान कसा मिळाला ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

पूर्वी नौदलाची स्वतःची रीत होती. आधी कामाचे अक्षर, मग त्या कारखान्याचे त्या कामासाठीचे ते कितवे विमान हा आकडा, शेवटी कारखान्याचे अक्षर. ग्रमनला ‘एफ’, व्हॉटला ‘यू’, डग्लसला ‘डी’, मॅकडॉनेलला ‘एच’. परिणाम असा की एफ४एफ वाइल्डकॅट, एफ४यू कॉर्सेअर, एफ४डी स्कायरे आणि एफ४एच फँटम या चार विमानांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसून सगळी ‘एफ४’. पुढे फँटम हवाई दलालाही हवे झाले, तेव्हा त्यांनी त्याच विमानाला एफ-११० म्हणायला सुरुवात केली. तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅकनमारा फोर्ड मोटार कंपनीतून आलेले, हिशेबाचे पक्के. एकच वस्तू दोन दले दोन नावांनी मागताहेत हे कळल्यावर ते खवळले, असे सांगतात. १८ सप्टेंबर १९६२ रोजी तिन्ही दलांसाठी एकच पद्धत लागू झाली आणि फँटम दोघांचेही एफ-४ झाले. या सुधारणेने विमान जास्त वेगाने उडू लागले नाही. पैसे देणाऱ्याला आपण काय विकत घेतोय हे मात्र दिसू लागले. पद्धत जन्माला आली ती यासाठी, हे पुढच्या सगळ्या चर्चेत लक्षात ठेवावे.

ड्रोनच्या नावांचा घोळ त्याहूनही जुना. मुळात ‘ड्रोन’ म्हणजे नर मधमाशी. १९३५ च्या सुमारास ब्रिटनने तोफांच्या सरावासाठी ‘क्वीन बी’ नावाचे, रेडिओवर चालणारे विमान काढले. ते पाहून आलेल्या अमेरिकी नौदलाने राणीमाशीवरून नरमाशी हा शब्द उचलला. दुसऱ्या महायुद्धात याच नौदलाने टीडीएन नावाचे ड्रोन बनवले आणि १९४३ मध्ये मिशिगन सरोवरात ‘सेबल’ या जहाजावरून त्याच्या चाचण्या घेतल्या. सेबल म्हणजे वल्हेचाकांची जुनी प्रवासी आगबोट, वरचा भाग कापून सपाट डेक चढवलेली. विमानवाहू जहाजावरच्या ड्रोनची वंशावळ इतकी मागे जाते. टीडीएन शत्रूवर आदळवायचे यंत्र होते. त्याच सुमारास नौदलाकडे टीडीडी नावाचेही ड्रोन होते, ते तोफचींच्या सरावासाठीचे छोटेसे लक्ष्य. एक गोळ्या खाण्यासाठी, दुसरे बॉम्ब घेऊन जाण्यासाठी, आणि सुरुवातीची दोन अक्षरे दोघांची सारखीच.

आता स्टिंगरेकडे वळू. त्याच्या आधी नॉर्थ्रॉप ग्रमन या कंपनीचे एक्स-४७बी हे ड्रोन होते. पाहताना डोळे दिपावेत असे बिनशेपटीचे यंत्र. १४ मे २०१३ रोजी ते ‘जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश’ या जहाजावरून उडाले, १० जुलैला त्याच जहाजाच्या डेकवर तारेला आकडा अडकवून उतरले, आणि एप्रिल २०१५ मध्ये हवेत दुसऱ्या विमानाकडून इंधनही घेतले. डेकवर उतरणे ही नौदलाच्या वैमानिकाची सर्वांत अवघड परीक्षा मानतात. ती या यंत्राने दिली. पण त्याच्या नावात ‘एक्स’ होते, म्हणजे प्रायोगिक. दोनच नग बनले. आजोबांनी नातवाला ‘पाहुणा’ म्हणून घरात घ्यावे आणि सुट्टी संपल्यावर स्टेशनवर सोडावे, तसे ते गेले.

त्यानंतर जे करायचे होते त्या योजनेच्या नावातच टेहळणी आणि हल्ला हे दोन्ही शब्द होते. भांडण तिथेच पेटले. नौदलाचा कल जास्त वेळ हवेत राहणाऱ्या टेहळणीच्या विमानाकडे. सिनेटच्या लष्करविषयक समितीचे अध्यक्ष जॉन मॅकेन यांना शत्रूच्या आत खोलवर शिरून हल्ला करणारे विमान हवे होते, आणि २०१५ मध्ये त्यांनी संरक्षणमंत्र्यांना तसे लिहिलेही. वाद मिटला तो भलत्याच ठिकाणी. फेब्रुवारी २०१६ च्या अर्थसंकल्पात टेहळणीही मागे पडली, हल्लाही मागे पडला, आणि योजना टँकरची झाली. कारण व्यवहारी होते. सुपर हॉर्नेट ही लढाऊ विमाने एकमेकांना इंधन पाजण्यात आपल्या वीस ते तीस टक्के फेऱ्या घालवत होती. टँकरचे काम ड्रोनकडे दिले की लढाऊ विमाने लढायला मोकळी. हा निर्णय मला शहाणपणाचा वाटतो, हेही सांगून टाकतो. माझी तक्रार निर्णयाशी नाही.

तक्रार अक्षरांशी आहे. योजना बदलत असताना या ड्रोनला सुरुवातीला ‘आरएक्यू-२५’ म्हटले गेले. ‘आर’ टेहळणी, ‘ए’ हल्ला. म्हणजे जुन्या भांडणाचे दोन्ही पक्ष नावात शिल्लक आणि टँकर मात्र गैरहजर. मग ते बदलून ‘एमक्यू-२५’ केले. पुन्हा टँकर गैरहजर. ‘के’ हे अक्षर पद्धतीत १९६२ पासून पडून आहे आणि याच नौदलाने ते वापरलेही आहे. ए-६ इंट्रूडर हे हल्ल्याचे विमान होते. त्यातली काही टँकर केली तेव्हा त्यांना केए-६डी म्हटले, आणि रडार जाम करणाऱ्या आवृत्तीला ईए-६बी. काम बदलले की अक्षर बदलले, डेकवरच्या पोरालाही नाव ऐकून कळे की या विमानाच्या पोटात काय आहे. मग केक्यू-२५ म्हणायला काय हरकत होती?

हरकत होती ती अशी, असे समर्थक सांगतात: स्टिंगरेला दुय्यम काम म्हणून थोडी टेहळणीही करायची आहे, म्हणून बहुउद्देशीय. हे मला पटत नाही. कॅमेरा आज कशाला नाही? रिक्षावाल्याच्या खिशातल्या फोनलाही आहे, म्हणून रिक्षा बहुउद्देशीय होत नाही. खरे कारण काय असावे याचा अंदाज एप्रिल २०२४ मध्ये आला. वॉशिंग्टनजवळच्या नौदल प्रदर्शनात बोइंगने याच एमक्यू-२५ ची प्रतिकृती मांडली, पंखांखाली दोन जहाजविरोधी क्षेपणास्त्रे लटकवलेली. पाकटाचा काटा निघाला तो असा. कंपनीची ही जाहिरात आहे, नौदलाची मागणी नव्हे, हे मान्य. पण उद्या मागणी झालीच तर नाव बदलायची गरज पडणार नाही. ‘एम’ मध्ये क्षेपणास्त्र आधीच बसते. टँकर म्हणून २०१८ मध्ये ८० कोटी ५० लाख डॉलरचे कंत्राट झालेली वस्तू हल्ल्याची होईल, आणि दाखल्यावर एक अक्षरही हलणार नाही.

नुसत्या शंकेवर हे बोलत नाही. प्रिडेटरचे उदाहरण आहे. ते ड्रोन सुरुवातीला आरक्यू-१ होते, निव्वळ टेहळणीचे. फेब्रुवारी २००१ मध्ये त्यावरून हेलफायर क्षेपणास्त्र डागून पाहिले आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अफगाणिस्तानात ते खरोखरीच वापरले. नाव एमक्यू-१ झाले ते २००२ मध्ये. म्हणजे माणसे आधी मेली, अक्षर नंतर बदलले. तरीही ते बदलले, एवढी लाज तेव्हा शिल्लक होती. आज जे ड्रोन पहिल्या दिवसापासून ‘एमक्यू’ म्हणून जन्मते त्याच्या बाबतीत ती उशिराची कबुलीही मिळणार नाही.

प्रिडेटरला शस्त्र लावण्यापूर्वी वकिलांना बसवावे लागले होते, हेही सांगण्यासारखे आहे. अमेरिका आणि सोव्हिएत युनियन यांच्यातल्या, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणाऱ्या १९८७ च्या आयएनएफ करारात ‘क्रूझ क्षेपणास्त्रा’ची व्याख्या अशी होती की मानवरहित, स्वतःच्या शक्तीने चालणारे आणि पंखांच्या आधाराने उडणारे वाहन. जमिनीवरून सुटणारे आणि ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याचे असे हत्यार बाळगायला बंदी. सशस्त्र प्रिडेटर त्या व्याख्येत जवळजवळ चपखल बसत होते. वकिलांनी मार्ग काढला तो असा की हे परत येऊन उतरते, स्फोटके स्वतःच्या अंगात नेत नाही, सबब हे क्षेपणास्त्र नव्हे. रशियाला ते पुढेही मान्य नव्हते. या सगळ्या वादात इंजिन, पंख, रडार यांतले काही बदलले नव्हते. बदलत होता तो शब्द.

जहाजांच्या बाबतीत तर हे आपल्या दारात आहे. आपली ‘विक्रमादित्य’ मुळात सोव्हिएत युनियनची ‘बाकू’. काळ्या समुद्राच्या काठी निकोलायेव्हला बांधलेली. तिथून बाहेर पडायचे तर तुर्कस्तानच्या सामुद्रधुन्यांतून, आणि तिथे १९३६ चा मॉन्ट्रो करार आडवा. विमानवाहू जहाजाला त्या वाटेने जायला वाव नव्हता. म्हणून सोव्हिएत दप्तरात ही आणि तिच्या बहिणी ‘विमाने वाहणाऱ्या जड क्रूझर’ ठरल्या. सगळ्या जगाने त्या डेकवर विमाने पाहिली आणि सगळ्या जगाने तो शब्द मुकाट्याने ऐकून घेतला. जपानने २०१५ मध्ये इझुमो हे २४८ मीटर लांबीचे सपाट डेकचे जहाज सेवेत घेतले आणि त्याला विनाशिका म्हटले. ज्यांना नाव ही फुटकळ बाब वाटते त्यांनी एवढा खटाटोप का केला असेल याचा विचार करावा.

अमेरिकी पद्धत आता स्वतःच विस्कटलेली आहे, तिचे गोडवे काय गाता, असा प्रश्न जाणकार विचारतील. बरोबर आहे. २००१ मध्ये प्रायोगिक एक्स-३५ ने स्पर्धा जिंकली, पत्रकार परिषदेत नाव विचारले, उत्तर आले ‘एफ-३५’, आणि क्रमाने येणारा एफ-२४ कायमचा राहून गेला. एफ-११७ ला लढाऊ म्हटले, ते बॉम्ब टाकायचे. एफ/ए-१८ मधली तिरपी रेघ नियमात बसत नाही. मार्च २०२५ मध्ये नवे लढाऊ विमान जाहीर झाले ते थेट एफ-४७, आणि हवाई दलाने सांगितलेल्या कारणांत जुने पी-४७ आहे, हवाई दलाच्या स्थापनेचे १९४७ साल आहे, आणि सत्तेचाळिसावे राष्ट्राध्यक्षही आहेत. जन्मदाखल्यावर देणगीदाराचे नाव घालावे, तसे हे. पण या सगळ्या चुका आकड्यांच्या आहेत (एफ-११७ आणि ती तिरपी रेघ सोडून). आकडा चुकला तर यादी ओबडधोबड दिसते, एवढेच. अक्षर चुकले तर वस्तू काय आहे हे लपते. मला आकड्यांचे दुःख नाही.

चीनचा दाखला देताना जरा संकोच वाटतो, पण द्यायला हवा. ज्या देशाच्या लष्करी कारभारातले काहीच बाहेर येत नाही, तिथली ड्रोनची अक्षरे मात्र सरळ आहेत. ‘डब्ल्यूझेड’ म्हणजे मानवरहित टेहळणी. ‘जीजे’ म्हणजे ‘गोंगजी’, हल्ला. जीजे-११ हे बिनशेपटीचे ड्रोन हल्ल्याचे आहे हे त्याचे नावच सांगते. डिसेंबर २०२४ मध्ये जलावतरण झालेल्या ‘सिचुआन’ या जहाजाला विद्युतचुंबकीय कॅटापुल्ट, म्हणजे डेकवरून विमान भिरकावणारे यंत्र आहे, आणि त्यावरून अशीच यंत्रे उडणार असे सगळे धरून चालले आहेत. ब्रिटनचे उदाहरण उलट्या बाजूने गमतीचे. अमेरिकी रीपरच्या पुढच्या पिढीचे ड्रोन त्यांनी घेतले आणि नाव ठेवले ‘प्रोटेक्टर’, रक्षणकर्ता. रीपर म्हणजे प्राण कापून नेणारा. यंत्र त्याच घराण्यातले, लंडनला येता येता त्याचे हृदयपरिवर्तन झाले. पण पुढची अक्षरे वाचा: ‘आरजी’. टेहळणी आणि जमिनीवरचा हल्ला. हाकेचे नाव साखरेत घोळवले तरी दाखल्यावर खरे लिहिले. माझ्या दृष्टीने हे चालेल. हाकेच्या नावाला थोडी कविता माफ असते.

गुप्ततेचा मुद्दा नेहमी पुढे येतो. अक्षराने शत्रूला सुगावा लागेल म्हणतात. अक्षराने पल्ला कळत नाही, रडार कळत नाही, संदेशाची सांकेतिक भाषा कळत नाही. पंखाखाली काय लटकते ते शत्रूच्या उपग्रहाला नावाशिवायही दिसते. ज्याला दिसत नाही तो आपल्याच देशातला करदाता.

आता ‘क्यू’ कडे. ३ मार्च २०२५ रोजी अमेरिकी हवाई दलाने दोन नव्या ड्रोनना वायएफक्यू-४२ए आणि वायएफक्यू-४४ए ही नावे दिली. ‘वाय’ म्हणजे नमुना, ‘एफ’ म्हणजे लढाऊ, ‘क्यू’ म्हणजे वैमानिक नाही. लढाऊ या शब्दाला पहिल्यांदाच अधिकृतपणे ‘आत कुणी नाही’ची जोड मिळाली, आणि विमानवाहू जहाजांसाठी असे लढाऊ सोबती, म्हणजे वैमानिक बसलेल्या विमानांच्या जोडीने उडणारी ड्रोन, आणण्याच्या वाटेवर अमेरिकी नौदलही आहे. ‘एम’ न लावता ‘एफ’ लावले याचे मी स्वागतच करतो. पण ‘क्यू’ आता पुरत नाही. सरोवरातल्या आगबोटीच्या काळात ‘आत माणूस नाही’ एवढे सांगणे पुरेसे होते. आज माणूस आत नाही म्हणजे कुठे आहे, हा खरा प्रश्न आहे. स्टिंगरे चालवण्यासाठी अमेरिकी नौदलाने वॉरंट अधिकाऱ्यांची नवी शाखाच उघडली. ती माणसे जहाजात बसून माऊस आणि कळफलकाने हे यंत्र हाताळणार. मग याला ‘मानवरहित’ म्हणणे कितपत खरे? आपण मराठीत हा शब्द सर्रास वापरतो, मीही वर वापरला. ‘वैमानिकरहित’ जास्त नेमका. मानवरहित म्हटले की गोळी कुणी झाडली या प्रश्नाचे उत्तर व्याकरणातच हरवते.

हे सगळे अमेरिकेचे. आपल्याला काय त्याचे? दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावर विमानवाहू जहाजाच्या डेकची नक्कल किनाऱ्यावरच उभारलेली आहे. २०१९ च्या सप्टेंबरात नौदलाचे तेजस तिथे पहिल्यांदा तारेला अडकून थांबले, त्यानंतर जानेवारी २०२० मध्ये विक्रमादित्यवर उतरले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये विक्रांतवर. विक्रांतच्या डेकवरची नावे जरा वाचून पाहा. मिग-२९के: यातला ‘के’ रशियन, म्हणजे ‘जहाजावरचे’. अमेरिकी ‘के’ म्हणजे टँकर. येऊ घातलेले राफेल-एम: यातला ‘एम’ फ्रेंच, म्हणजे सागरी. शेजारी एमएच-६०आर हेलिकॉप्टर: यातला ‘एम’ अमेरिकी, म्हणजे आपला तोच जुना बहुउद्देशीय. एका डेकवर एकाच अक्षराचे दोन अर्थ, आणि एकही आपण ठरवलेला नाही. माणसे बसलेल्या विमानांत हे निभावते. विकणाऱ्याने दिलेले नाव आपण ठेवतो, फार तर हवाई दलाप्रमाणे मिराजला ‘वज्र’ आणि मिग-२९ ला ‘बाझ’ म्हणतो.

ड्रोनमध्ये आपला कारभार आणखीच सैल. ऑक्टोबर २०२४ मध्ये आपण ३१ एमक्यू-९बी ड्रोन घ्यायचा करार केला, त्यातली १५ नौदलाची. वर्तमानपत्रे त्यांना अजून ‘प्रिडेटर’ म्हणतात. अमेरिकेच्या हवाई दलाने मूळ प्रिडेटर २०१८ मध्येच निवृत्त केले. सरकारी दप्तरात ते नुसते ‘एमक्यू-९बी’ आहे. उसन्या अक्षरासकट उसनी संदिग्धता. देशी ड्रोनची तऱ्हा वेगळी. ‘रुस्तम’ हे नाव प्राध्यापक रुस्तम दमानिया यांच्या स्मरणार्थ, ते छानच. मग रुस्तम-२ चे ‘तपस बीएच-२०१’ झाले. ‘तपस’ हा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून जुळवलेला संस्कृत शब्द. दिसतो सुंदर, सांगत काही नाही. ‘घातक’ निदान हेतू लपवत नाही. पण ही सगळी हाकेचीच नावे. तिन्ही दलांना लागू अशी अक्षर-क्रमांकांची आपली पद्धतच नाही.

ती करावी, आणि आत्ता करावी, कारण आत्ता यादी छोटी आहे. अमेरिकेने १९६२ मध्ये केली तेव्हा पुष्कळ विमानांची नावे बदलावी लागली. आपल्याकडे तिन्ही दलांचे एकत्रित मुख्यालय आहे, २०२० पासून संरक्षण दलप्रमुखही आहेत. नोंदवही तिथे ठेवावी, म्हणजे आत्याबाईंच्या मानावरून दलांत रुसवेफुगवे नकोत. अक्षरे देवनागरीत असावीत असा माझा हट्ट नाही, असली तर आवडेल. हट्ट आहे तो इतकाच की पहिल्या नोंदीत एकच काम लिहावे, जे काम दाखवून पैसा मागितला ते. ‘बहुउद्देशीय’ हे अक्षर जन्मतः मिळू नये. दोन कामे प्रत्यक्ष करून दाखवल्यावर मिळावे. टेहळणीच्या ड्रोनला शस्त्र लावायचे ठरले तर पहिली फैर झडण्याआधी अक्षर बदलावे आणि संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीला त्याच दिवशी कळवावे. हे झेपण्यासारखे आहे. एका कारकुनाचे आणि एका रजिस्टरचे काम आहे.

आणखी एक अक्षर मी मागेन, जे अमेरिकी पद्धतीतही नाही: हे परत येणार आहे की नाही. स्वस्तातले लढाऊ सोबती बनवणारे सगळेच देश ‘गेले तरी चालेल’ अशा यंत्रांची भाषा बोलू लागले आहेत. विमानवाहू जहाजावर हा फरक सर्वांत टोकाचा. परत येणाऱ्या ड्रोनला आकडा लागतो, मजबूत पाय लागतात, तार आणि डेकवरची जागा लागते, आणि खराब हवेत दोनशे-अडीचशे मीटरच्या पट्टीवर उतरवायची विद्या लागते. न परतणाऱ्याला यातले काही लागत नाही. दोघांची किंमत वेगळी, धोका वेगळा, युद्धाचा कायदाही वेगळ्या नजरेने बघणार. आयएनएफच्या वकिलांनी सगळी भिस्त याच एका गोष्टीवर ठेवली होती.

बंगळुरूची न्यूस्पेस ही कंपनी आपल्या नौदलासाठी लढाऊ सोबती प्रकारचे जेट ड्रोन बनवते आहे. त्याचे नाव ‘अभिमन्यू’. हे नाव ठेवताना कथा कुणाला आठवली नसेल असे शक्यच नाही. चक्रव्यूहात शिरायचे ठाऊक, बाहेर पडायचे नाही. अशुभ म्हणून नाके मुरडणारे भेटले मला. मला मात्र ते नाव, मुद्दाम असो की नकळत, या सगळ्या यादीत जास्त प्रामाणिक वाटते. फक्त ते हाकेचे आहे, दाखल्यावर काय लिहिणार ते ठरायचे आहे. गर्भातल्या अभिमन्यूने आत शिरण्याचा मार्ग ऐकला, आणि परतीचा मार्ग सांगायच्या वेळी आईचा डोळा लागला. १६ जून २०२३ रोजी चित्रदुर्गहून उडालेल्या तपसची सूत्रे कारवारपासून १४८ किलोमीटरवर समुद्रात उभ्या असलेल्या नौदलाच्या एका गस्ती जहाजाने चाळीस मिनिटे आपल्या हाती घेतली होती. त्या जहाजाचे नाव आयएनएस सुभद्रा.